‘हा तर काहीच वाजवत नाहीये!’

पत्र थोडक्यात: लिहिणारी एकतीस वर्षांची आहे, स्वतः कुठलंच वाद्य वाजवत नाही पण ऐकायचं वेड भरपूर. काही वर्षांपूर्वी गायक व्हॅन मॉरिसनचा ‘ॲस्ट्रल वीक्स’ हा अल्बम ऐकताना मागे काहीतरी छान चाललंय असं तिला सारखं जाणवत राहिलं, नाव शोधलं तर ड्रमर निघाला कॉनी के. मग कळलं की हाच माणूस वर्षानुवर्षं मॉडर्न जॅझ क्वार्टेटमध्ये टक्सिडो घालून वाजवत होता, आणि त्याच्याही आधी बिग जो टर्नरच्या ‘शेक, रॅटल अँड रोल’वर ड्रम्स याचेच. तेव्हापासून ती त्याच्या मागे लागलीये. धाकटा भाऊ आठ वर्षं ड्रम्स वाजवतो, एल्विन जोन्स आणि टोनी विल्यम्स हे जॅझ ड्रमर त्याची दैवतं. त्याचं म्हणणं, ‘हा तर काहीच वाजवत नाहीये, नुसतं घड्याळ चाललंय.’ आता तिचा सात-आठ जणांचा ऐकणाऱ्यांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा भेटतात आणि दर वेळी एकानं आपल्या आवडीचा कलाकार पाऊण तास ऐकवायचा. पुढची पाळी तिची. तिला कॉनी के ऐकवायचाय, भाऊ म्हणतो सगळे जांभया देतील, त्यापेक्षा एल्विन लाव. आणि पत्रातली खरी मेख शेवटी आहे. ती लिहिते, ‘तिन्ही ठिकाणी तोच माणूस आहे हे मला नुसतं ऐकून ओळखताही येत नाही. मग मी कसली फॅन? मला ड्रम्समधलं कळत नाही म्हणून तर तो आवडत नसेल?’

---

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि तू मला ताई म्हटलंयस म्हणून सरळ ‘तू’च म्हणते.

आधी शेवटच्या वाक्याचं बघू, कारण कार्यक्रमात काय लावायचं हा प्रश्न त्याच्यामागे आपोआप सुटेल असं मला वाटतंय. ‘कळत नाही म्हणून आवडतो का’ हा प्रश्न तू स्वतःला विचारलास, पण गंमत बघ, भावाला कुणी विचारलं का की तुला एवढं कळतं म्हणून तर तो आवडत नसेल? आठ वर्षं ड्रम्स वाजवणारा मुलगा रेकॉर्ड ऐकतो तेव्हा त्याचे कान एक काम करत असतात, ते म्हणजे शोधत असतात की यातलं मला काय उचलता येईल, कुठली फिल (ठेक्याच्या मध्ये मारलेला छोटा तुकडा), कुठला हात, हे कसं केलं असेल यानं. त्यात वाईट काही नाही, शिकणारे सगळे असंच ऐकतात आणि असंच ऐकलं पाहिजे. फक्त त्या कानांना कॉनी केच्या रेकॉर्डवर उचलण्यासारखं काही सापडत नाही आणि ते रिकाम्या हातानं परत येतात. तू ऐकतेस तेव्हा तुझे कान गाण्याकडे असतात. त्यामुळे तुला ‘मागे काहीतरी छान चाललंय’ हे ऐकू आलं, ते नेमकं काय हे सांगता आलं नाही इतकंच. म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतायत आणि तू उगाच त्याला परीक्षक करून स्वतः बाकावर उभी राहिलीयेस.

आता तू म्हणशील ताई हे सगळं मला बरं वाटावं म्हणून. नाही गं. भावाच्या बोलण्यातही तथ्य आहे आणि ते मी खाली सांगणार आहे, पण आधी तो माणूस नक्की काय करत होता ते बघू, कारण ‘काहीच वाजवत नाही’ याचं उत्तर ‘किती हळुवार वाजवतो ना’ असं देऊन चालत नाही, समोरचा दोन मिनिटांत हसायला लागतो. (मी दिलंय ते उत्तर. समोरचे हसले.)

‘शेक, रॅटल अँड रोल’ घे. 1954 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक रेकॉर्ड्ससाठी झालेलं रेकॉर्डिंग. बिग जो टर्नर म्हणजे खणखणीत गळ्याचा ब्लूज शाउटर, म्हणजे काळ्या अमेरिकनांची ब्लूज गाणी वाद्यांच्या वर आवाज चढवून गाणारा, मागे सॅक्सोफोन, पियानो, आणि कोरसमध्ये ओरडायला कंपनीचीच माणसं, अहमेट एर्टेगन आणि जेरी वेक्सलर, म्हणजे साहेब लोक स्वतः माइकसमोर उभे. त्यात ड्रम्स काय करतात? चार मात्रांमधल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचा, फटका. फाट. फाट. फाट. शेवटपर्यंत. दार ठोकल्यासारखा. तिथे हळुवार वगैरे काही नाही, ज्यूकबॉक्समधून, लोकांच्या गोंगाटातून ऐकू गेलं पाहिजे आणि पाय हलले पाहिजेत असं ते वाजवणं आहे.

आता दुसरी रेकॉर्ड. मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा ‘युरोपियन कॉन्सर्ट’, 1960 मध्ये स्कँडिनेव्हियात लाइव्ह रेकॉर्ड केलेला, त्यातलं ‘बॅग्ज ग्रूव्ह’. जॉन लुईस पियानोवर, मिल्ट जॅक्सन व्हायब्राफोनवर, पर्सी हीथ डबल बासवर आणि आपला कॉनी. सगळे काळ्या सुटात, बोचरी शांतता असलेला मोठा हॉल. या दोन रेकॉर्डचा एकमेकींशी काय संबंध असं वाटतं ना? तर संबंध असा की दोन्ही बारा बारचे ब्लूज आहेत. म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खण, अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन, ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सांगाडा तोच. पहिल्यात टर्नर गातो आणि दुसऱ्यात व्हायब्राफोन गातो एवढाच फरक धर हवं तर.

आणि आता ‘बॅग्ज ग्रूव्ह’मध्ये दुसरी आणि चौथी मात्रा शोध. स्नेअरवर नाही सापडणार. खाली बघ, म्हणजे ऐक, अगदी बारीक ‘छक्’ असा आवाज येतोय, हाय-हॅटच्या दोन झांजा पायानं मिटल्याचा. छक्. छक्. तीच दुसरी आणि तीच चौथी मात्रा! टर्नरच्या मागे जी डाव्या हातात होती ती इथे डाव्या पायात उतरलीये आणि उजवा हात वर राइड सिंबलवर, म्हणजे ठेका धरायच्या मोठ्या झांजेवर, ‘टिंग, टिंग-अ-टिंग’ करत निवांत चाललाय. जॅझमध्ये हाय-हॅट दोन आणि चारवर मिटणं हे सगळेच करतात, त्यात कॉनीचा शोध काही नाही, पण एकच माणूस एकाच सांगाड्यावर तीच मात्रा एकदा दार ठोकून सांगतो आणि एकदा कडी लावल्यासारखी हलकेच सांगतो, हे एकदा कानावर पडलं ना की मग ‘काहीच वाजवत नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. मला तरी हे कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळलं त्या दिवशी मी ती दोन गाणी आलटून पालटून सहा-सात वेळा लावली, घरच्यांना वाटलं काहीतरी बिघडलंय.

पण हलकेच का? सभ्य दिसायचं होतं म्हणून? लोक असंच समजतात, टक्सिडो बघून. कारण फार साधं आहे आणि ते वाद्यातच आहे. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, आणि नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या, त्या फिरल्या की सूर लाटेसारखा हलत लांबत जातो. मिल्ट जॅक्सन ती मोटर मुद्दाम हळू ठेवायचा, त्यामुळे त्याचा सूर माणसाच्या गळ्यासारखा हेलकावे खात विरतो, आणि त्याची सगळी मजा त्या विरण्यातच आहे. आता सिंबल काय आहे? तोही धातू. तोही वाजवला की लांबतो, पसरतो. ड्रमरनं राइडवर जरा जोर दिला की त्याची झिणझिण व्हायब्राफोनच्या शेपटावर चढते आणि सूर बुडतो, ओल्या रंगावर पाणी सांडावं तसं होतं. म्हणजे या गटात ड्रमरसमोर एकच रस्ता होता, असा सिंबल वाजवायचा की प्रत्येक टिंग वेगळी कळली पाहिजे पण तिचं धुकं होता कामा नये. हे रोज, तासभर, हळू आवाजात, टेम्पो न सोडता. वर छोटे त्रिकोण, बोटांतल्या झांजा, घंटा अशी वाद्यं तो वापरायचा, ती का तर ड्रमचा आवाज जिथे जड झाला असता तिथे एक ठिपका पुरतो म्हणून.

तू ‘ॲस्ट्रल वीक्स’पासून सुरुवात केलीस, तिथे हीच गोष्ट तिसऱ्या कपड्यांत आहे. 1968 चं न्यूयॉर्क, तेवीस वर्षांचा व्हॅन मॉरिसन, आणि निर्माता लुईस मेरेन्स्टीननं बोलावलेले जॅझवाले. बासवर रिचर्ड डेव्हिस, गिटारवर जे बर्लिनर, ड्रम्सवर कॉनी. कॉनीनं नंतर सांगितलं होतं की काय वाजवू असं विचारल्यावर मॉरिसन म्हणाला तुला वाटेल ते वाजव. विचार कर, तुला वाटेल ते वाजव असं कुणी म्हटलं की शंभरातले नव्वद ड्रमर काय करतील? आणि यानं बघितलं की गाणारा पोरगा ओळी कुठेही सुरू करतोय, कुठेही ताणतोय, एकच शब्द दहा वेळा म्हणतोय, खाली रिचर्ड डेव्हिसचा बास तर गाण्याच्या दुप्पट बोलतोय, म्हणजे दोन माणसं आधीच मोकाट सुटलीयेत. मग यानं आपण होऊन खुंटा व्हायचं ठरवलं. व्हायोलिन्स वगैरे त्या अल्बमवर नंतर वरून चढवल्यात. म्हणजे कॉनी वाजवत होता तेव्हा त्या नव्हत्याच, आणि तरी त्या आल्यावर त्यांना बसायला जागा होती! मी कितीतरी दिवस तो अल्बम ऐकताना त्यावर ड्रम्स आहेत हेच विसरून जायचे, आणि ‘द वे यंग लव्हर्स डू’ लागलं की दचकायचे, कारण तिथे तो तीन मात्रांत असा काही झुलायला लागतो की म्हणावं अरे, तू होतास का इथे.

तर तुझा दुसरा प्रश्न. तिन्हीकडे तोच माणूस आहे हे ओळखता येत नाही. अगं मग बरोबरच आहे की! आपल्याला सवय लागलीये सही शोधायची, दोन सेकंदांत ओळखता आला तो मोठा कलाकार. एल्विन ओळखता येतो, टोनी विल्यम्स ओळखता येतो, आणि ते मोठेच आहेत, त्यांच्याबद्दल वाकडा शब्द नाही. पण साथीची माणसं वेगळ्या मातीची असतात. ठेका धरणाऱ्या तबलजीला आपण गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो ना, गवई निश्चिंत दिसतोय म्हणजे मागे माणूस पक्का आहे. तसंच इथे. कॉनीला ओळखायचं तर ड्रम्सकडे कान लावून उपयोग नाही, बाकीचे किती आरामात आहेत ते ऐक. लेस्टर यंगसारखा सॅक्सोफोनवाला, ज्याला मागे आदळआपट अजिबात खपायची नाही, त्याच्याबरोबर हा क्वार्टेटमध्ये जायच्या आधी काही वर्षं होता. पुढे सॅक्सोफोनवाला पॉल डेझमंड आणि गिटारवाला जिम हॉल, दोघेही कुजबुजल्यासारखे वाजवणारे, त्यांच्या 1963 च्या ‘टेक टेन’वर ड्रमर हाच. नंतर क्लॅरिनेटवाला बेनी गुडमन. ही सगळी माणसं आपापल्या जागी हट्टी आणि कानानं तिखट. त्यांनी ज्याला बोलावलं त्याच्यात काय होतं हे त्यांच्या वाजवण्यात ऐकू येतं.

जाता जाता, त्याचं खरं नाव कॉनरॅड कर्नन, 1927 चा जन्म, न्यूयॉर्कजवळच्या टकाहोचा. आणि आर अँड बीची (रिदम अँड ब्लूज, म्हणजे टर्नरच्या गाण्यासारखी) रेकॉर्डिंग्ज म्हणजे पोटापाण्याचं काम आणि क्वार्टेट म्हणजे खरी कला, अशी वाटणी तुझ्या पत्रात कुठेतरी डोकावतेय (‘आधी तो असलंही वाजवायचा’ हे तुझंच वाक्य). ते ‘असलंही’ खोडून टाक. टर्नरचं गाणं ज्या अटलांटिकसाठी झालं त्याच अटलांटिककडे 1956 पासून क्वार्टेटचे अल्बम निघाले, म्हणजे कंपनीला यात वाटणी दिसत नव्हती, आणि दोन आणि चारवर अख्खं गाणं एका जोरात, न घाई करता मारणं हे ज्यांना सोपं वाटतं त्यांनी करून बघावं.

आता भावाचं. त्याच्या बाजूनं दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. एक म्हणजे क्वार्टेट फार नटूनथटून वाजवतो, जॅझमधला घाम पुसून टाकलाय यांनी, असं म्हणणारे त्या काळीही होते आणि ते बहिरे नव्हते. कॉनीच्या आधी तिथे केनी क्लार्क होता, बीबॉप या वेगवान जॅझचा पायाच ज्यानं घातला तो ड्रमर, आणि 1955 मध्ये तो बाहेर पडला, त्याला त्या चौकटीत करमेना असं सांगतात. म्हणजे एवढ्या मोठ्या ड्रमरलाही ती जागा अपुरी वाटू शकते तर तुझ्या भावाला वाटली तर काय बिघडलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कमी वाजवणाऱ्यांमध्ये खरोखर असेही असतात ज्यांना जास्त येतच नाही, आणि हल्ली ‘स्पेस देतो’, ‘संयम आहे’ असं म्हटलं की सगळं खपतं. भाऊ त्यावर चिडत असेल तर मी त्याच्या बाजूची.

मग फरक ओळखायचा कसा? माझी एक कच्ची फूटपट्टी आहे. हळू वाजवणारा ड्रमर नुसता भित्रा असेल तर गाणं हळूहळू बसत जातं, टेम्पो गळतो, बास एकटाच ओढतोय असं वाटायला लागतं. कॉनीच्या रेकॉर्डवर तसं होत नाही, आवाज खाली असतो आणि गाडी मात्र पुढे रेटत असते. ‘बॅग्ज ग्रूव्ह’ सुरू होताना पायानं ताल धर आणि शेवटापर्यंत सोडू नकोस, पाय कुठे ओढावा लागला का ते बघ. आणि त्याला जास्त येत नव्हतं असं भावाला वाटत असेल तर क्वार्टेटच्या 1957 च्या अल्बमवर ‘ला रोंद: ड्रम्स’ नावाची छोटी चीज आहे, नावातच ड्रम्स आहेत, ती त्याला ऐकव. वाद घालायला नको, नुसती लाव आणि खोलीतून बाहेर जा.

त्यापेक्षाही चांगला उपाय सांगू का, भावाला एक खेळ दे. त्याच्या ड्रमसेटवर फक्त राइड आणि हाय-हॅट, आपण दोघं शेजारी बसून बोलतो त्या आवाजाच्या खाली राहायचं, टेम्पो मध्यम, फिल एकही नाही, पाच मिनिटं. शेजारी फोनवर रेकॉर्डिंग चालू. मग रेकॉर्डिंगचं पहिलं अर्धं मिनिट आणि शेवटचं अर्धं मिनिट लागोपाठ ऐकायचं. बहुतेकांचं हळू वाजवताना मंदावतं, काहींचं उलट कंटाळ्यानं पळायला लागतं, आणि तिसऱ्या मिनिटाला हात एक तरी फिल मारायला इतका शिवशिवतो की विचारू नकोस. हे त्याला हरवायला नाहीये हं. ‘बघ, जमलं नाही ना’ असं म्हणालीस तर सगळं मुसळ केरात. त्याला म्हण, मला वाजवता येत नाही, तू करून बघ आणि मला सांग आतून कसं वाटतं. आठ वर्षं वाजवणाऱ्या माणसाला एवढा मान दिला की तो खरं बोलतो.

कार्यक्रमाकडे येऊ. तुझ्यापुढे जे रस्ते आहेत त्यात एल्विन लावणं हा सगळ्यात सोपा, आणि खरं सांगते त्यात कमीपणाही नाही, सगळ्यांना मजा येईल, तूही नीट बोलशील. पण तू जे सात वर्षं ऐकतेयस ते तुझ्याकडेच राहील आणि घरी येऊन तू पुन्हा हेडफोन लावशील. (पत्रात तू लिहिलंयस की भाऊ घरी असला की तू कॉनी स्पीकरवर लावतच नाहीस, त्या वाक्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं.) दुसरा रस्ता म्हणजे त्याचं अख्खं चरित्र सांगणं, जन्म, कुणाकुणाबरोबर वाजवलं, 1974 मध्ये क्वार्टेट कसा फुटला, 1981 मध्ये पुन्हा कसा जमला, 1994 मध्ये तो जाईपर्यंत कसा त्यातच होता. हा रस्ता मला सगळ्यात वाईट वाटतो. माहितीनं भारावलेले लोक मान हलवतात आणि ऐकत नाहीत. तिसरा, नाव न सांगता तिन्ही गाणी लावायची आणि विचारायचं किती ड्रमर होते. हा चांगला आहे पण सापळ्यासारखा वापरू नकोस, चुकलेल्याला ओशाळं वाटलं की त्याचा कान बंद होतो.

मी तुझ्या जागी असते तर पाऊण तासात तीनच गाणी ठेवली असती, आणि पाऊण तास म्हणजे पुष्कळ वेळ आहे. आधी टर्नर, काही न बोलता, पूर्ण. लोकांचे पाय हलू देत. मग एवढंच सांगायचं की दोन आणि चारवर टाळी द्या, आणि पहिलं मिनिट पुन्हा लावायचं, तूही टाळी दे, लाजू नकोस. मग लगेच ‘बॅग्ज ग्रूव्ह’ लावायचं आणि म्हणायचं हीच टाळी चालू ठेवा पण बोटावर बोट, आवाज न करता, आणि ती आता कुठे वाजतेय ते शोधा. कुणीतरी एक ‘अरे हे काय’ म्हणेल, बहुतेक जो सगळ्यात कमी बोलतो तो. कुणालाच सापडलं नाही तर सांगून टाक, पाय आहे, हाय-हॅट आहे, आणि पुन्हा लाव. एकच गाणं दोनदा लावायला घाबरू नकोस, कंटाळा दुसऱ्यांदा येत नाही, पहिल्यांदाच येतो, कारण पहिल्यांदा काय ऐकायचं ते माहीत नसतं. आणि शेवटी ‘ॲस्ट्रल वीक्स’मधलं तुझं जे पहिलं गाणं होतं ते, ज्यानं तुला पकडलं. ते कुठलं हे तू लिहिलं नाहीयेस, पण तेच लाव, मी सुचवलेलं नको. तिथे समजावून काही सांगू नकोस. हे ऐकताना मला मागे काहीतरी छान चाललंय असं वाटलं होतं, तो हा माणूस, बस. तोवर त्यांचे कान तयार झालेले असतील.

आणि भाऊ यायला तयार असेल तर त्याला एक हाय-हॅट आणि स्नेअर घेऊन बसव. टाळी डाव्या हातातून डाव्या पायात कशी उतरते हे त्यानं अर्ध्या मिनिटात करून दाखवलं तर तुझ्या दहा वाक्यांचं काम होईल. तयार नसेल तर जबरदस्ती नको, आणि ‘तू आला असतास तर’ हे नंतर काढायचं नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही दोन शब्द, कारण असली पत्रं मला अधूनमधून येतात, कुणाला बास आवडतो आणि लोक म्हणतात ऐकू तरी येतो का, कुणाला कुणा गायकाच्या मागचा साथीदारच जास्त आवडतो आणि ते सांगायची चोरी वाटते. फोनच्या स्पीकरवर असल्या माणसांना ऐकू नका. खालचे आवाज तिथे गळून जातात, सिंबलची किनार चुरगळते, आणि ज्या ड्रमरनं मुळातच जपून वाजवलंय तो अक्षरशः उरतच नाही, मग ‘काहीच वाजवत नाही’ हे खरंच होतं! साधे वायरवाले हेडफोन चालतील. आवाज कमी ठेवा, वाढवू नका, मोठ्या आवाजात जो पुढे आहे तो आणखी पुढे येतो. आणि एका बैठकीत एकच वाद्य धरा, आज फक्त राइड सिंबल, उद्या फक्त पाय. चार दिवसांत तेच गाणं चार वेगळी गाणी होतात. ज्यांना कॉनी के जमणार नाही त्यांनी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’वर ड्रमर जिमी कॉब ऐकावा, ‘सो व्हॉट’मध्ये माइल्सचा सोलो सुरू होताना त्यानं सिंबलवर एक जोरदार फटका दिलाय, स्वतः कॉबला वाटलं होतं की जरा जास्तच झाला, आणि आज ती जागा ऐकायला लोक ते गाणं लावतात. किंवा पियानोवाल्या अहमद जमालच्या 1958 च्या ‘पॉइन्सियाना’वर ड्रमर व्हर्नेल फोर्निए. तिथे तर ठेकाच गाणं आहे.

बाकी तू फॅन आहेस की नाही हे मी ठरवणार नाही, पण जी बाई एका रेकॉर्डच्या मागे काहीतरी चाललंय एवढ्यावरून नाव शोधत 1968 वरून 1954 पर्यंत उलटी चालत गेली तिनं हा प्रश्न मला विचारावा याचं मला हसू आलं. या रविवारी भाऊ घरी असताना स्पीकरवर ‘टेक टेन’ लाव. पाच-पाच मात्रांचा हिशेब आहे त्यात, पण कॉनी इतका सरळ धरून ठेवतो की मोजायची आठवणच होत नाही. भाऊ मोजेल. ड्रमर आहे, त्याला राहवणार नाही. तो मोजताना दिसला की काही बोलू नकोस, गाणं संपू दे.